जुन्या वेगवान मोटारीचें मोल



शर्यतीच्या जातीची, जमिनीलगत बसणारी, एखादी वेगवान परदेशी मोटार चार-सहा वर्षें वापरून विकावयास काढली, तर तिच्यांत घातलेला पैसा परत येतो कीं नाहीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. औरंगपुऱ्यांत राहणाऱ्या, मुलांना त्रैराशिक आणि चक्रवाढ व्याज शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या, आणि स्वतः सायकलीवरून निघून स्कूटरपर्यंतच मजल मारलेल्या माणसानें असा विषय कां घ्यावा, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हा विषय मीं शोधीत गेलों नाहीं. तो माझ्या घरीं चालून आला.

शेंद्रा आणि बिडकीन या भागांत औद्योगिक नगरीसाठीं जमिनी संपादन झाल्या, तेव्हां पुष्कळ घरांत एकरकमी पैसा आला. अशाच एका घरांतला माझा एक जुना विद्यार्थी मागें भेटावयास आला होता. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे असलेली, सहा वर्षें वापरलेली, साठ लक्ष रुपये किंमत सांगितलेली एक जर्मन स्पोर्ट्स मोटार त्याच्या मनांत भरली होती. "सर, अशा गाडीचा भाव उतरत नाहीं. हौसेची हौस आणि गुंतवणुकीची गुंतवणूक," असें तो म्हणाला. त्याच्या हौसेशीं मला कांहीं कर्तव्य नाहीं. हौसेला मोल नाहीं, असें आपण म्हणतों तें योग्यच आहे. परंतु 'गुंतवणूक' हा शब्द उच्चारला कीं प्रकरण अंकगणिताच्या वर्गांत येतें, आणि तेथें दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असें मी समजतों.

आपल्या शहराला मोटारींच्या बाबतींत एक कीर्ति आहे, ती प्रथम आठवूं. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत या शहरांतल्या व्यापारी, डॉक्टर, कारखानदार अशा मंडळींनीं एकत्र येऊन सुमारें दीडशें मर्सिडीज मोटारी एकदम खरेदी केल्या. एकूण किंमत ६५ कोटी रुपयांच्या घरांत होती, आणि भारतीय स्टेट बँकेनें त्यांपैकीं पुष्कळांना सात टक्के व्याजानें कर्ज दिलें. शहर त्या वेळीं औरंगाबाद या नांवानें ओळखलें जात असे. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचें नांव झळकलें, आणि ज्यांना वेरूळ-अजिंठ्यापलीकडे येथलें कांहीं ठाऊक नव्हतें त्यांनाही जालना रस्त्याचा पत्ता कळला. सर्वांनीं मिळून सौदा केल्यामुळें विक्रेत्याकडून चांगली सूट मिळाली, हें या व्यवहारांतलें शहाणपण; तें मी मान्य करतों.

त्या गाड्या बहुतेक कुटुंबाच्या प्रवासी गाड्या होत्या, शर्यतीच्या नव्हेत. तरीही त्यांच्यावरून एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मोटारीचा विमा उतरतांना कंपन्या तिची किंमत एका ठराविक कोष्टकानें धरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्ष होईपर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तिसऱ्यापर्यंत ३०, चौथ्यापर्यंत ४०, आणि पांच वर्षें भरत आलीं म्हणजे ५० टक्के. या कोष्टकानें ६५ कोटींचा तो ताफा २०१५ सालीं साडेबत्तीस कोटींवर आला. एका शहरानें पांच वर्षांत तितकीच रक्कम रस्त्यावर झिजविली, असें म्हणावयास हरकत नाहीं. आतां हें कोष्टक तालुक्याच्या गांवीं घेतलेल्या साध्या गाडीला आणि इटलींतून आलेल्या फेरारीला एकच आहे. बाजार मात्र भेदभाव करतो. कांहीं गाड्या या कोष्टकाच्या फार खालीं जातात, आणि कांहीं थोड्या त्याच्या वर राहतात. कोणत्या वर राहतात आणि कां, एवढाच खरा प्रश्न आहे.

आपल्या घरांतील स्त्रियांना या प्रश्नाचें निम्में उत्तर आधींपासून ठाऊक आहे. सोनाराकडे नवा दागिना घेतांना आपण सोन्याचा भाव देतों, वर घडणावळ देतों, शिवाय कर देतों. तोच दागिना मोडीस घातला, तर सोन्याचा भाव मिळतो, तोही घट वजा जाऊन. घडणावळ परत करणारा सोनार अजून जन्मास यावयाचा आहे. परदेशांतून तयार येणाऱ्या मोटारीची घडणावळ किती असते तें पाहूं. २०२५ च्या अर्थसंकल्पाप्रमाणें चाळीस हजार डॉलरांहून अधिक किंमतीच्या मोटारीवर मूळ शुल्क ७० टक्के व त्यावर अधिभार ४० टक्के, मिळून ११० टक्के जकात लागते. म्हणजे बंदरावर शंभर रुपयांस उतरलेली वस्तु दोनशें दहा रुपयांची झाली. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तु-सेवा कर ४० टक्के आहे; तो या दोनशें दहांवर लागतो, म्हणजे आणखी चौऱ्यायशीं. झाले दोनशें चौऱ्याण्णव. यांत विक्रेत्याचा नफा नाहीं आणि रस्त्याचा करही नाहीं. महाराष्ट्रांत आयात केलेल्या मोटारीवर वीस टक्के वाहनकर असून, त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ मध्यें वीस लक्षांवरून तीस लक्षांवर नेण्यांत आली. तेव्हां मोटार शंभराची आणि घडणावळ दोनशेंची, असा हा दागिना आहे.

या घडणावळीची कल्पना सामान्य माणसाला प्रथम आली ती सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीमुळें. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशीं बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीनें त्यांना २००२ सालीं फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट दिली. इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें मायकेल शूमाकर यांच्या हस्तें तिची किल्ली देण्यांत आली. गाडी भारतांत आणावयाची वेळ आली तेव्हां जकातीचा आंकडा निघाला १ कोटी १३ लक्ष रुपये. गाडीची किंमत त्या वेळीं सुमारें ७५ लक्ष सांगितली जात होती. सरकारनें जकात माफ केली, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें, आणि शेवटीं ती रक्कम फियाट कंपनीनें भरली. २०११ सालीं ती गाडी सुरतेच्या एका उद्योजकानें विकत घेतली. या जातीच्या गाड्या फेरारीनें हजारोंनीं बनविल्या आहेत, आणि जगाच्या बाजारांत त्यांचा एक ठरलेला भाव आहे. सुरतेच्या गृहस्थांनीं जें अधिक मोल दिलें असेल तें गाडीच्या वेगाला दिलेलें नव्हे. ती कोणाच्या दारांत उभी होती त्याला तें दिलें. इतरांच्या फेरारीला हा लाभ नाहीं.

आतां आपल्या गांवचें एक उदाहरण घेऊं, कारण तें मला सर्वांत बोधप्रद वाटतें. शेंद्रा येथें स्कोडा कंपनीच्या कारखान्यांत २००१ सालीं काम सुरू झालें, आणि ऑक्टाव्हिया नांवाची गाडी तेथें पुढें वीस वर्षांहून अधिक काळ जुळविली जात होती. आपल्याकडील कित्येक मुलांना या कारखान्यानें व त्याच्या आसपासच्या लहान कारखान्यांनीं नोकऱ्या दिल्या. या ऑक्टाव्हियाचीच एक वेगवान बहीण आहे. तिच्या नांवापुढें आर. एस. हीं अक्षरें असतात. २०२० सालीं तिच्या फक्त दोनशें गाड्या परदेशांतून तयार स्थितींत भारतांत आणल्या गेल्या. २४५ अश्वशक्तीचें इंजिन, स्थिर स्थितींतून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग साडेसहा सेकंदांच्या आसपास, आणि किंमत ३५ लक्ष ९९ हजार. सगळ्या गाड्या भराभर खपल्या. पुढें वापरलेल्या गाडीचा मालकही मूळ किंमतीच्या आसपासचा, क्वचित् तिच्याही वरचा आंकडा सांगूं लागला. ऑक्टोबर २०२५ मध्यें तिची नवी आवृत्ति आली. या वेळीं फक्त शंभर गाड्या, किंमत ४९ लक्ष ९९ हजार, आणि त्या समारंभपूर्वक बाजारांत येण्याच्या आधींच नोंदवून संपल्या.

येथें विचार करण्यासारखें असें आहे कीं, तेंच कूळ, तेंच नांव, बहुतेक तोच सांगाडा असलेली साधी ऑक्टाव्हिया इतर गाड्यांप्रमाणेंच कोष्टकाच्या वाटेनें उतरत गेली, आणि ही मात्र उतरली नाहीं. वेग हें कारण म्हणावें, तर हिच्याहून अधिक वेगाच्या, दुप्पट-तिप्पट किंमतीच्या जर्मन गाड्या पांच वर्षांत अर्ध्यावर येतांना आपण पाहतों. कारण दुसरेंच आहे, आणि तें तिहेरी आहे. गाड्या थोड्या होत्या. घेऊं इच्छिणारे पुष्कळ होते. आणि ती चालविणें व दुरुस्त करणें घेणाऱ्याच्या आटोक्यांतलें होतें, कारण साध्या ऑक्टाव्हियाचा कारागीर तिलाही हात लावूं शकतो. तिसरें कारण लोक विसरतात. दुर्मिळ गाड्या जगांत पुष्कळ आहेत. परंतु ज्या दुर्मिळ गाडीला दुसरा मालक भिऊन हात लावीत नाहीं, तिच्या दुर्मिळपणाचा पहिल्या मालकाला कांहीं उपयोग नाहीं.

याच उदाहरणांत एक मेखही आहे. ३६ लक्षांची गाडी पुन्हां ३६ लक्षांस विकली, तर आपण म्हणतों भाव टिकला. परंतु पहिल्या मालकानें वीस टक्के दरानें सात लक्ष वीस हजारांचा वाहनकर भरला होता, तो कोठें गेला? पांच वर्षांचे विम्याचे हप्ते कोठें गेले? आणि तीं ३६ लक्षें बँकेंत असतीं तर त्यांना जें व्याज आलें असतें, तें कोणाच्या खातीं जमा धरावयाचें? शिवाय विकणारा जो आंकडा सांगतो तो सांगण्याचा आंकडा. देणाऱ्यानें मोजलेला आंकडा वेगळा असतो. गुलमंडीवर कापड घेणाऱ्या गृहिणीला हा फरक समजावून सांगावा लागत नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र चांगले शिकलेले पुरुषही मागणीच्या आंकड्याला भाव समजून चालतात.

कोणी म्हणेल, जगांत कोट्यवधि डॉलरांस विकल्या जाणाऱ्या जुन्या फेरारी आहेत, त्यांचें काय? आहेत, आणि त्यांची गोष्ट मोठी रंजक आहे. फेरारीनें १९६२ ते १९६४ या काळांत '२५० जी. टी. ओ.' या नांवाच्या केवळ ३६ गाड्या बनविल्या. नवी गाडी अमेरिकेंत सुमारें अठरा हजार डॉलरांस मिळे. त्यांपैकीं एक २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलांवांत ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांस गेली. मीं हिशेब केला, तर छप्पन्न वर्षांत दरसाल दरशेंकडा सुमारें पंधरा टक्के चक्रवाढ पडते. दर उत्तम आहे, यांत शंका नाहीं. परंतु मधल्या काळांत काय झालें तें पहा. याच ३६ पैकीं एक गाडी टेक्सास प्रांतांतील व्हिक्टोरिया गांवच्या हायस्कुलास तिच्या मालकानें देऊन टाकली होती. मुलांना इंजिन उघडून शिकण्यासाठीं ती कार्यशाळेंत पडून असे. १९७२ सालीं शाळेनें ती साडेसहा हजार डॉलरांस विकली. म्हणजे दहा वर्षांत दोन-तृतीयांश मोल गेलें होतें, आणि तेंही आज जगांतली सर्वांत मोलाची समजल्या जाणाऱ्या जातीचें. जुनी शर्यतीची गाडी ही त्या काळीं दमलेल्या घोड्यासारखी होती; कोणी दाणावैरण घालावयास तयार नव्हता. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दोष देण्याचें मला धैर्य होत नाहीं. आमच्या शाळेंत अशी गाडी येती, तर आम्हीही ती विकून प्रयोगशाळेचें छप्पर दुरुस्त केलें असतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्या. ती चार कोटी डॉलरांची फेरारी आणि शंभर गाड्यांतली आजची ऑक्टाव्हिया यांना एका रेषेवर उभें करून शिटी वाजविली, तर पहिल्या शंभर किलोमीटरच्या वेगापर्यंत ऑक्टाव्हिया फार मागें राहणार नाहीं. वेग ही गोष्ट दर दहा वर्षांनीं स्वस्त होत जाते. कालची अचाट गति आजच्या कुटुंबाच्या गाडींत येते, आणि विजेच्या गाड्यांनीं तर ती आणखीच सुलभ केली आहे. त्या विजेच्या वेगवान गाड्यांचेंही पाहावें: पोर्शे कंपनीची टायकान ही गाडी गतींत कोणाला ऐकणार नाहीं, परंतु युरोप-अमेरिकेंत वापरलेल्या टायकानचा भाव त्याच कंपनीच्या जुन्या वळणाच्या पेट्रोलवरील ९११ पेक्षां पुष्कळ लवकर उतरला. पुढच्या वर्षीं हिच्याहून चांगली बॅटरी येईल, ही धास्ती दुसऱ्या खरेदीदाराला असते. ९११ चें रूप १९६० नंतरच्या दशकापासून ओळखीचें राहिलें आहे. ती उद्यां कालबाह्य दिसेल असें कोणास वाटत नाहीं.

मराठी माणसांत या शौकाचे मोठे पुरुष होऊन गेले, त्यांत इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांच्यासाठीं १९३६ च्या सुमारास अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची सुपरचार्जर लावलेली मोटार तयार झाली. तिची अंगयष्टि लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनीं घडविली, रंग नारिंगी आणि काळा, आणि इंजिनाची शक्ति कंपनी ३२० अश्वशक्ति सांगत असे. त्या काळीं ही शक्ति अजब होती. १९३७ सालीं ड्यूसेनबर्ग कंपनीच बंद पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागें ड्यूसेनबर्गसारख्या भव्य गाड्या अमेरिकेंत कांहींशें डॉलरांस मिळत, कारण त्यांची भूक कोणाला परवडत नव्हती. पुढें काळ पालटला. संग्राहक निर्माण झाले, होळकरांची गाडी अमेरिकन संग्राहकांकडे गेली, आणि आज तिच्या जातीच्या गाड्या अमोल समजल्या जातात. पण हा लाभ संस्थानिकाला झाला नाहीं. तो तीस-चाळीस वर्षें वाट पाहणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या मालकाला झाला. आमच्या विद्यार्थ्याच्या साठ लक्षांच्या गाडीचाही नातू-पणतूंच्या काळांत उदय होईल काय? होणार नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु जी गाडी कारखान्यांतून हजारोंनीं बाहेर पडली, तिच्यावर तेवढी मदार ठेवूं नये.

मधल्या काळांत ती गाडी सांभाळावयाची आहे, आणि खरा खर्च तेथेंच आहे. औरंगपुऱ्यांतून पैठण गेटकडे जातांना जे गतिरोधक लागतात, त्यांवरून जमिनीपासून चार-पांच इंचांवर पोट असलेली गाडी न्यावयाची म्हणजे काय प्रकार आहे, तें डोळ्यांसमोर आणावें. अशा बहुतेक गाड्यांची अधिकृत दुरुस्ती मुंबई-पुण्यास. गाडी बिघडली तर सव्वातीनशें किलोमीटर तिला दुसऱ्या वाहनाच्या पाठीवरून न्यावयाची. रुंद टायरांचा संच, सिरॅमिकच्या ब्रेक-तबकड्या, दुहेरी क्लच, यांतला एकेक भाग बदलावयाचा झाला तर त्या पैशांत एखादें लहान वाहन दारांत उभें राहतें. गाडी जुनी झाली म्हणून तिच्या भागांच्या किंमती उतरत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. गाडी साठ लक्षांस मिळाली तरी तिचे भाग दीड कोटींच्या गाडीचेच लागतात. दुसरा मालक याच जागीं फसतो, आणि तिसरा मालक यासाठींच भाव पाडून मागतो.

तिचा वेग तरी कोठें वापरावा? समृद्धि महामार्ग आपल्या शहराजवळून जातो. जून २०२५ मध्यें तो नागपूरपासून मुंबईच्या अंगापर्यंत, ७०१ किलोमीटर, पूर्ण खुला झाला. तेथें हलक्या वाहनांस ताशीं १२० ची मर्यादा आहे. तीनशेंचा वेग असलेल्या गाडीचे उरलेले एकशें ऐंशी किलोमीटर हे मालकाच्या बोलण्यांतच धांवतात. पेट्रोलचीही अडचण आहे. आतां पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें, आणि एप्रिल २०२३ पूर्वींच्या पुष्कळ गाड्या त्या मिश्रणासाठीं बनविलेल्या नाहींत. अशा गाडीचा चोखंदळ खरेदीदार हा प्रश्न प्रथम विचारतो.

परंतु या सर्वांहून मोठी जोखीम सरकारी कागदांत आहे, आणि तिच्याकडे विक्रेते कधीं बोट दाखवीत नाहींत. दिल्लीच्या परिसरांत डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा हरित न्यायाधिकरणानें घातली व २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती उचलून धरली, तेव्हां तेथल्या उत्तम स्थितींतल्या गाड्या मातीमोल भावानें इतर प्रांतांकडे निघाल्या. पुढें त्या नियमांत फेरबदल झाले, पण ज्यांनीं गाड्या फुंकून टाकल्या त्यांचा पैसा परत आला नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें वस्तु-सेवा कराची फेररचना झाली. पूर्वीं कर आणि उपकर मिळून ४८ ते ५० टक्के पडत, ते ४० झाले. नव्या गाड्या एका रात्रींत स्वस्त झाल्या, आणि आदल्या महिन्यांत जुनी गाडी घेणाऱ्यानें जास्तीचे पैसे मोजल्याचें सिद्ध झालें.

याहून मोठा फेरबदल क्षितिजावर आहे. २४ जुलै २०२५ रोजीं भारत आणि ब्रिटन यांच्यांत व्यापारी करार झाला. त्यांत ब्रिटिश मोटारींवरील जकात ठराविक संख्येच्या मर्यादेंत टप्प्याटप्प्यानें दहा टक्क्यांपर्यंत आणावयाचें ठरलें आहे. युरोपीय संघाशींही अशाच कराराची बोलणीं झालीं आहेत. आतां मघांचा हिशेब पुन्हां मांडा. शंभर रुपयांच्या गाडीवर जकात ११० ऐवजीं दहा. झाले एकशें दहा. त्यावर चाळीस टक्के कर चव्वेचाळीस. एकूण एकशें चौपन्न. ज्यानें ती दोनशें चौऱ्याण्णवांस घेतली, त्याच्या शेजाऱ्याला नवी कोरी गाडी एकशें चौपन्नांस मिळणार असेल, तर पहिल्याच्या जुन्या गाडीला कोण विचारील? मर्यादा थोड्याच गाड्यांची असल्यानें प्रत्यक्षांत इतका मोठा खड्डा एकदम पडेल असें नाहीं. परंतु घडणावळ कमी झाली कीं जुन्या दागिन्याचें काय होतें, हें सांगावयास सोनाराची गरज नाहीं. आपल्याकडील जुन्या आयात गाडीची किंमत गेलीं कित्येक वर्षें जकातीच्या भिंतीआड उभी होती. भिंत हलली तर गाडीही हलणार.

हें सर्व मीं माझ्या विद्यार्थ्यापुढें मांडलें, आणि फळ्यावर लिहावें तसें एका कागदावर लिहून दिलें. साठ लक्ष रुपये सात टक्के चक्रवाढ व्याजानें पांच वर्षें ठेवले, तर त्यांचे चौऱ्यायशीं लक्षांच्या वर होतात. म्हणून गाडीनें 'भाव टिकविला' असें म्हणण्यासाठीं ती पांच वर्षांनीं साठांस विकून चालणार नाहीं. ती चौऱ्यायशींस विकली पाहिजे, आणि विमा, टायर, दुरुस्ती यांचा खर्च त्यावर मिळाला पाहिजे. अकरा वर्षें जुन्या गाडीला असा भाव देणारा माणूस त्याच्या पाहण्यांत आहे काय, असें मीं विचारलें. तो म्हणाला, "तसा कोणी नाहीं सर, पण गाडी फार देखणी आहे." या उत्तरांत लबाडी नव्हती, म्हणून मला तें आवडलें. देखणी आहे म्हणून घे, वीस-पंचवीस लक्ष रुपये त्या देखणेपणासाठीं खर्च होतील असें समजून घे, आणि जमिनीच्या पैशांतून ही रक्कम काढतांना घरांतल्या माणसांना तिचें नांव 'खर्च' असेंच सांग, एवढें मीं त्याला सुचविलें. त्याची आई अद्याप शेताच्या बांधाची आठवण काढते. तिच्यासमोर 'गुंतवणूक' हा शब्द वापरूं नये, असें मला वाटतें. त्याचा निर्णय अजून झालेला नाहीं.

तरीही ज्यांना घ्यावयाचीच आहे, त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें बोलतों. पहिल्या पांच-सहा वर्षांचा उतार दुसऱ्यानें सोसलेली गाडी घेण्यांत शहाणपण आहे, हें खरें. परंतु ती दुसऱ्या प्रांतांत नोंदलेली असेल तर तेथला ना-हरकत दाखला आणि येथें भरावा लागणारा कर यांचा हिशेब आधींच करावा. अधिकृत दुरुस्तीची सलग वही नसेल, तर किंमतीवर बोलणेंच करूं नये. गाडी कमी चाललेली आहे असें सांगितलें, तर टायरच्या कडेवरील चार आंकडे वाचावे. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. पांच हजार किलोमीटर चाललेल्या सहा वर्षांच्या गाडीला मागल्या वर्षाचे टायर कां लागले, हें विक्रेत्यानें सांगितलें पाहिजे. आणि गाडी समुद्रकांठच्या शहरांतून येत असेल, तर तिच्या आंतल्या गालिच्याची कड उचलून, आसनें ज्या बोल्टांनीं जमिनीशीं बांधलेलीं असतात त्यांकडे पाहावें. पुराच्या पाण्यांत बुडालेली गाडी बाहेरून कितीही चकचकीत केली, तरी त्या बोल्टांवरचा गंज सहसा कोणी पुसलेला नसतो.